अमात्याची पांढरी शलाका

पूर्वी मणिवती नगरीत पद्मकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्याच्या कुळात जन्माला आला. त्याचं नाव क्षेमक. वडिलांच्या मागे तोही अमात्य झाला. या जन्मात त्याला, इतर काही जन्मांसारखी, सोंड नव्हती, शिंगं नव्हती, पंखही नव्हते. तो साधा संसारी माणूस होता आणि या कथेत तो चुकतो. बोधिसत्त्व चुकला असं सांगताना सांगणाऱ्याचीच मान खाली जाते. पण घडलं ते घडलं.

राजाला बारा वर्षं मूल नव्हतं. तेराव्या वर्षी राजपुत्र झाला. नगरभर गूळ वाटला गेला. जो तो म्हणू लागला, "महाराज, आता काय, जन्माचं सार्थक झालं!" राजा हसून मान हलवायचा. पण राजपुत्र होता भारी रडका, आणि राणीचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता. मूल मांडीवर घेतल्याबरोबर आपलं मन भरून येईल आणि ते जन्मभर भरलेलंच राहील, असं राजाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कधी मन भरून यायचं, कधी नुसतीच मांडी ओली व्हायची. हे सांगणार कुणाला? बारा वर्षं ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले ते मिळालं, तरी आपण सुखी का नाही, याची राजाला लाज वाटू लागली. लाज वाटली की माणूस ती लपवायला जागा शोधतो. राजाने ती एका प्रश्नात लपवली.

एके दिवशी त्याने क्षेमकाला बोलावलं आणि म्हणाला, "अमात्य, मुलंबाळं असलेली माणसं आयुष्यात जास्त तृप्त असतात की नसलेली? मला पंडितांचे श्लोक नकोत. लोकांच्या तोंडून कळलं पाहिजे."

क्षेमकाने तेव्हाच विचारायला हवं होतं, की महाराज, आज हे का विचारावंसं वाटलं? त्याने विचारलं नाही. त्याला प्रश्न फार आवडला. हुशार माणसांचं हे असंच असतं. प्रश्न अवघड असला की ते खूश होतात, आणि तो कुणाला लागेल हे बघायचं राहून जातं.

त्याने शलाका करवून घेतल्या. शलाका म्हणजे बांबूच्या वीतभर कामट्या. त्या काळी सभेत लोकांचं मत घ्यायचं तर शलाका वाटत. क्षेमकाने अर्ध्या तशाच पांढऱ्या ठेवल्या आणि अर्ध्या हिरड्याच्या काढ्यात बुडवून काळ्या केल्या. वसंतमेळ्याच्या मैदानात चौथरा बांधला. चौथऱ्यावर दोन रांजण ठेवले, एक मुलंबाळं असणाऱ्यांचा आणि एक नसणाऱ्यांचा. मग दवंडी पिटवली, की जो आपल्या आयुष्यात तृप्त असेल त्याने पांढरी शलाका घ्यावी, जो नसेल त्याने काळी. लबाडीला वाव नको म्हणून त्याने आणखी एक नियम केला. शलाका हात उंच करून सगळ्यांना दाखवायची आणि मगच रांजणात टाकायची.

या नियमाचा त्याला केवढा अभिमान वाटला! सगळं कसं उघड, सगळं कसं स्वच्छ.

मणिवतीत वसंतमेळ्याला लेकरांचे हात धरूनच जायची रीत होती. तेव्हा आईबाप चौथऱ्यावर चढले ते पोरांना घेऊनच. कुणाच्या कडेवर एक, कुणाच्या बोटाला दोन. आता सांगा, पोर खालून तोंड वर करून बघतंय आणि बाप काळी शलाका उचलून गावाला दाखवतोय, असं कधी होईल काय? एकामागून एक पांढऱ्या शलाका वर गेल्या. लोक टाळ्या वाजवत होते. काहींचे डोळेही भरून आले. ते कशाने भरून आले हे कुणी विचारलं नाही.

मग निपुत्रिकांची रांग आली. साठ-सत्तर माणसं असतील. ती आली तशा टाळ्या थांबल्या आणि बायका पदराआडून चुकचुकू लागल्या. शेकडो माणसं तुमच्याकडे कीव करून बघत असली की पांढरी शलाका उचलायला हात धजत नाही. त्यांनी काळ्या उचलल्या. कुणी खरंच मनातून उचलली, कुणी लोकांना बरं वाटावं म्हणून उचलली.

त्या रांगेत नगराच्या बीजकोठीची राखण करणारं म्हातारं जोडपं होतं. वेणुक आणि मेखला. साऱ्या नगराचं बियाणं तीस वर्षं त्यांच्याच हातात होतं. उन्हात वाळवायचं, राखेत घोळायचं, कडुलिंबाचा पाला घालून कणग्या भरायच्या, आणि पेरणीच्या आधी घराघराला पहिली मूठ द्यायची, हे त्यांचं काम. कोठीच्या मागच्या खोलीत त्यांचा संसार. वेणुक भिडस्त माणूस, त्याने खाली बघत काळी टाकली. मेखलाने मात्र पांढरी उचलली आणि चांगला हात उंच करून दाखवली.

गर्दीत खसखस पिकली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बघा तरी! घरात पाळणा हलला नाही आणि म्हणे तृप्त!" मेखलाने ऐकलं. तिने शलाका रांजणात टाकली आणि मागे न बघता खाली उतरली.

सर्वांत शेवटी क्षेमक स्वतः चौथऱ्यावर गेला. त्याच्या बोटाला त्याची नऊ वर्षांची मुलगी होती, नीलिका. एकुलती एक.

त्याचं असं होतं. तरुणपणी क्षेमकाला तक्षशिलेला जाऊन शिकायचं होतं. सगळी तयारी झाली होती. मग लग्न झालं, नीलिका झाली, आणि ती पहिली चार वर्षं सारखी आजारी असायची. तिला खांद्यावर घेऊन तो ओसरीत येरझाऱ्या घालायचा. तेवढ्यात त्याच्या ताडपत्रांना वाळवी लागली ती त्याला कळलीसुद्धा नाही. तक्षशिला राहूनच गेली. मुलीवर त्याचा जीव होता. तिला खोकला आला तर याच्या छातीत दुखायचं. पण तो थकला होता आणि मनातून अतृप्त होता. दोन्ही खरं होतं. शलाका मात्र एकच टाकायची होती.

त्याने हात घातला तो काळ्या शलाकेवर. उचललीही. तेवढ्यात नीलिकाने त्याचं बोट ओढलं आणि विचारलं, "बाबा, आपली पांढरी ना?"

क्षेमकाने काळी ठेवली. पांढरी उचलली. हात उंच केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि नीलिकानेही वाजवल्या.

इथेच तो खरा चुकला. खोटं बोलला म्हणून नव्हे. लेकराचं मन राखायला माणूस एवढं खोटं बोलतो. चुकला तो पुढे. आपल्या हातून काय झालं हे त्याला कळलं होतं. आपण जे केलं तेच सकाळपासून प्रत्येक बापाने केलं असेल, हे कळायला अमात्य असण्याचीही गरज नव्हती. पण मेळा दृष्ट लागेल असा झाला होता, राजा वाट बघत होता, आणि उत्तर इतकं सुबक आलं होतं. क्षेमकाने ते तसंच उचलून राजापुढे ठेवलं. "महाराज, मुलंबाळं असलेले सगळे तृप्त. नसलेल्यांत एक सोडून सगळे अतृप्त."

राजाला आधी हायसं वाटलं आणि मग आणखीच लाज वाटली. सगळ्या नगरात आपणच एक असे करंटे! ती लाज लपवायला त्याने आणखी मोठी जागा शोधली. तो म्हणाला, "अतृप्त माणसाच्या हातून दिलेलं बियाणं कसं रुजेल? बियाणं राखणाऱ्या त्या जोडप्याकडून कोठी काढून घ्या. पंधरा दिवसांनी पहिली मूठ आहे. ती लेकुरवाळ्या माणसाच्याच हातून जाऊ दे. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी खोली रिकामी करावी."

क्षेमक चपापला. "महाराज, इतक्या वर्षांत त्यांच्या हातचा एक दाणा कुजला नाही."

"शलाका तुमच्याच ना, अमात्य? की त्या खोट्या होत्या?"

क्षेमकाचं तोंड मिटलं. ते उघडायची हीच वेळ होती, आणि तो गप्प राहिला.

हुकूम सांगायला त्यालाच जावं लागलं. मेखला अंगणात बियाणं उन्हात पसरत होती. त्याने खाली बघून सगळं सांगितलं. वेणुक मटकन ओट्यावर बसला. मेखला हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली.

"आम्ही जायचं कुठे?" वेणुक म्हणाला. "अमात्य, या वयात आम्हाला कोण ठेवून घेणार?"

क्षेमकाने भलतंच विचारलं. "माई, तुम्ही पांढरी का उचललीत? काळी उचलली असती तर निदान लोक हसले नसते."

"तुम्ही विचारलंत म्हणून," मेखला म्हणाली. "मला कुठे माहीत होतं की उत्तर आधीच ठरलंय? मूल नाही म्हणून मी पुष्कळ रडलेय, अमात्य. अजूनही कधी कधी दिवस वाईट जातो. पण त्या दिवशी सकाळी बियाणं खडखडीत वाळलं होतं, ह्यांचा गुडघा दुखत नव्हता, दोघांनी बसून गरम पेज खाल्ली होती. मला बरं वाटत होतं. बरं वाटत असताना काळी कशी उचलू?" मग तिने सूप खाली ठेवलं. "एक विचारू? तुम्ही शलाका टाकलीत तेव्हा तुमचा दुसरा हात कुठे होता?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं क्षेमकाला झालं. ही बाई रागावली असती, तिने शिव्याशाप दिले असते तर चाललं असतं. तिने नुसतं विचारलं आणि पुन्हा बियाणं पसरायला लागली.

तो घरी आला. नीलिका धावत आली तर त्याला तिच्या डोळ्यांत बघवेना. जेवणात लक्ष लागेना. बायकोने विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय. दुखत होतं ते डोकं नव्हे, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तेच काम पुन्हा केलं, आणि या वेळी माणसासारखं केलं. बीजकोठीतली एक रिकामी खोली घेतली. ज्याला यायचं असेल त्याने यावं, एकट्याने यावं, आणि जे असेल ते अमात्याच्या कानात सांगावं. बरोबर आलेली पोरं बाहेर अंगणात मेखलाजवळ बसायची. ती त्यांना दाणे निवडायला लावायची आणि पोरं तिला छळून छळून गाणी म्हणायला लावायची.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. मग माणसं येऊ लागली. सात मुलांचा बाप असलेला एक कुंभार आला आणि कोपऱ्यात टेकला. मग म्हणाला, "एकेक पोर सोन्यासारखं आहे हो. पण घरात मला माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी उरलं नाही. मी नुसता बाप झालोय." असं म्हणून तो आपलंच बोलणं ऐकून घाबरला आणि घाईघाईने म्हणाला, "हे बाहेर जाऊ देऊ नका." फुलं विकणारी एक निपुत्रिक बाई आली ती हसतच आली. म्हणाली, "मी तृप्त आहे, अगदी मजेत आहे. पण तसं म्हटलं की शेजारणी अशा बघतात, जसं काही मी त्यांचं चोरलंय. म्हणून मेळ्यात रडवेलं तोंड करून काळी टाकली." तिच्यामागून आलेला तेली मात्र खरोखरच रडला. बारशाचं बोलावणं आलं की तो आजारी पडायचा. एका तरुण आईने सांगितलं, की लेकाचा ताप उतरला त्या सकाळी विचारलं असतंत तर पांढरी दिली असती, काल विचारलं असतंत तर काळी, आणि आज मला नुसतं झोपायचं आहे. आणि एक पाच लेकरांची आजी आली, तिला तर प्रश्नच कळेना. ती इतकी सुखात होती की तृप्त म्हणजे काय हेच तिला समजावून सांगावं लागलं.

तेरा दिवसांनी क्षेमकाने सगळं मनाशी जुळवून पाहिलं. लेकुरवाळ्यांत निम्मे तृप्त, निम्मे अतृप्त. निपुत्रिकांतही निम्मे तृप्त, निम्मे अतृप्त. दोन रांजणांत काही फरकच नव्हता. पोटच्या पोरांनी कुणाचं आयुष्य भरलं होतं, कुणाचं दमवलं होतं, आणि बहुतेकांचं एकाच दिवशी दोन्ही केलं होतं.

तो राजाकडे गेला. राजाने ऐकलं आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"उजेडात दाखवलेलं खोटं आणि कानात पुटपुटलेलं खरं, असं म्हणता? मग मेळ्यात इतकी माणसं खोटं बोलली?"

"हो, महाराज."

"कोण? नावं सांगा."

"त्यांनी विश्वासाने सांगितलंय. नावं नाही सांगता येणार."

"ठीक आहे," राजा म्हणाला. "परवा पहिली मूठ आहे. सगळं नगर कोठीच्या अंगणात जमेल. मुलंबाळं असलेला एक माणूस, फक्त एक, सगळ्यांसमोर उभा राहून म्हणू दे की मी मेळ्यात खोटी पांढरी दाखवली. मी हुकूम मागे घेईन. तसा माणूस मिळाला नाही, तर संध्याकाळी कोठी रिकामी."

क्षेमक घरी जाताना कुंभाराच्या घरावरून गेला. तो दारात थांबलासुद्धा. आत चाक फिरत होतं आणि पोरांचा गलका चालला होता. या माणसाला उभं केलं तर काम होईल, असं त्याच्या मनात आलं. मन किती हलकं असतं बघा! एकच माणूस हवा होता, तो स्वतःच्याच धोतरात उभा होता, आणि हा दुसऱ्याच्या दारात त्याला शोधत होता. कुंभाराची धाकटी बाहेर येऊन "कोण हवंय?" म्हणाली, तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. "कुणी नाही, बाळ," म्हणून तो निघाला.

पहिल्या मुठीच्या दिवशी सकाळी तो बायकोला म्हणाला, "आज नीलिकाला घरीच ठेव." पण मणिवतीत अशी रीत होती की पहिली मूठ घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या ओंजळीत घ्यायची. नीलिका नवा परकर नेसून कधीचीच तयार होऊन बसली होती. "मी नाही आले तर मूठ कोण घेणार?" ती म्हणाली. क्षेमकाने आणखी आढेवेढे घेतले नाहीत. खोटं बोललो तेव्हा हिचा हात हातात होता, आता खरं बोलायला हिला घरी ठेवायचं, हे त्याच्या मनाला पटेना. कोठी गेली तर दोन म्हातारी माणसं उघड्यावर पडणार होती. आणि ती वाचवायची तर या पोरीच्या कानावर असं काही पडणार होतं, जे पुन्हा कधी पुसता येणार नव्हतं.

अंगण माणसांनी फुललं होतं. वेणुक आणि मेखला भिंतीपाशी आपलं बोचकं घेऊन उभे होते. राजाने आपली अट सांगितली आणि विचारलं, "आहे कुणी असा?"

कुणी हललं नाही. कुंभार पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. ती तरुण आई दुसरीकडेच बघत होती. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे गप्प होते.

क्षेमक पुढे झाला. त्याने नीलिकाचा हात सोडला नाही, सोडला असता तर बोलणं सोपं गेलं असतं.

"महाराज, तो माणूस मी आहे," तो म्हणाला. "माझ्या हातात आधी काळी आली होती. मी ती ठेवली आणि पांढरी दाखवली. मी खोटं बोललो ते माझ्या लेकीसमोर, आणि ते खोटं मी तुमच्यापुढे खरं म्हणून आणून ठेवलं. इतरांना निदान माहीत नव्हतं की त्यांच्या शलाकेने कुणाचं घर जाणार आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि तरी मी गप्प बसलो. या जोडप्याला घालवलं ते तुम्ही नव्हे. मी घालवलं."

त्याला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होऊन सगळं अंगण खाली बघत राहिलं. नीलिकाचा हात त्याच्या हातातून हळूच निसटला. त्याने धरून ठेवला नाही.

राजा आसनावरून उतरला, क्षेमकाजवळ आला आणि जवळच्या चार माणसांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "अमात्य, मेळ्यात मला कुणी शलाका दिलीच नाही. दिली असतीत तर मीही पांढरीच दाखवली असती." मग तो मोठ्याने म्हणाला, "हुकूम मागे घेतला. मूठ वाटायला घ्या."

मेखला पुढे यायला तयार होईना. "महाराज, हुकूम काढलात तसा मागे घेतलात. पण हे लोक हसले होते, ते कसं मागे घ्याल?" तेव्हा ज्याने मेळ्यात मोठ्याने टोमणा मारला होता तो माणूस गर्दीतून पुढे आला. त्याने आपलं तान्हं मूल तिच्यासमोर धरलं आणि त्याची इवली ओंजळ आपल्या हातांनी उघडली. मेखलाने त्याच्याकडे पाहिलं. ती हसली नाही. पण तिने मूठ भरली आणि दिली. मग घराघरांतली माणसं आली, मान खाली घालून आली, आणि त्या दिवशी त्या अंगणात मोठ्याने कुणीच बोललं नाही.

नीलिकाने आपली मूठ घेतली आणि ओंजळ छातीशी धरून बापाच्या पुढे पुढे चालू लागली. क्षेमक मागून जात होता. तिला हाक मारायचीही त्याला हिंमत होईना. तळ्याजवळ आल्यावर ती थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "मी काय केलं असतं म्हणजे तुमची पांढरी आली असती?"

क्षेमक तिथेच रस्त्यात खाली बसला. अमात्य होता, भोवती माणसं येत-जात होती, तरी बसला. आपण या पोरीवर नऊ वर्षं काय लादलं होतं ते त्याला तेव्हा कुठे दिसलं.

"तू काहीच करायचं नव्हतंस गं," तो म्हणाला. "तृप्त व्हायचं ते माझं मी व्हायचं होतं. ते तुझं काम कधीच नव्हतं. मी ते न सांगता तुझ्यावर टाकलं, आणि नाही झालो तर मनातल्या मनात तुलाच दोष दिला. मला त्याची फार लाज वाटते, नीलू."

"मी आजारी पडायचे म्हणून?"

"नाही. तू आजारी पडायचीस, मी थकायचो. त्यात तुझी चूक काय? माझी एवढीच, की मला थकलो म्हणायची लाज वाटली."

तिने आपल्या ओंजळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझे हात दुखतायत. थोडं बियाणं तुम्ही घ्या." त्याने दोन्ही हात पुढे केले. तिने अर्धी ओंजळ त्याच्या हातात ओतली, आणि दोघं बरोबरीने घरी गेली. ती त्याच्यावर लगेच हसली नाही. त्याला बरेच दिवस वाट बघावी लागली, आणि ती त्याने पाहिली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. त्या सकाळी धनदत्त नावाच्या एका श्रेष्ठीने, म्हणजे बड्या व्यापाऱ्याने, आपला मुलगा मांडीवर घेऊन, भिक्षूंना वाढायला आलेल्या चारुमती नावाच्या निपुत्रिक विधवेला पंक्तीतून मागे व्हायला सांगितलं होतं. पंक्तीत बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि सगळे गप्प जेवत राहिले. जेवण झाल्यावर शास्त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाले, "तेव्हाचा राजा पद्मकेतू तो हा धनदत्त. तेव्हाचा वेणुक म्हणजे दारापाशी बसलेला हा वृद्ध भिक्षू, आणि मेखला ती ही चारुमती. नीलिका म्हणजे ही ज्येष्ठ भिक्षुणी, थेरी विमलिका, जिने आज चारुमतीसाठी आपल्या शेजारी जागा करून दिली. मेळ्यात ज्यांनी पांढऱ्या शलाका दाखवल्या आणि अंगणात जे गप्प राहिले, ते तुम्ही सगळे. आणि क्षेमक तो मी."

धनदत्ताने मुलाला मांडीवरून खाली ठेवलं. त्याला मान वर करता येईना.

या कथेतला गुण ह्री. आपल्या भाषेत लाज. लोक हसतील म्हणून वाटते ती लाज तर सगळ्यांनाच असते, आणि तिच्यापायीच सगळं नगर खोटं बोललं. आपल्यामुळे कुणाचं काय झालं हे दिसल्यावर वाटते ती ह्री. ती वाटली की गप्प बसवत नाही, आणि बोधिसत्त्वालासुद्धा ती यायला पंधरा दिवस लागले होते.